छत्तीस मिनिटांची मैफल

गेल्या श्रावणात माझ्या एका विद्यार्थिनीने पियानोच्या डिप्लोमासाठी कार्यक्रम निवडून वहीत लिहून आणला. आधी बाखचं सी मायनरमधलं प्रील्यूड आणि फ्यूग, मग बेथोवनचा ‘पाथेटिक’ सोनाटा, मग शोपँचं ओपस ४८ मधलं पहिलं नॉक्टर्न आणि शेवटी राखमानिनॉफचं ते प्रसिद्ध प्रील्यूड. प्रत्येकापुढे मिनिटं मांडली होती: साडेतीन, अठरा, सहा, साडेचार. बेरीज बत्तीस. “ताई, चारही कालखंड आले आणि वेळही बसली,” ती म्हणाली.

मी तिला एवढंच सांगितलं, की आता प्रत्येक नावापुढे पट्टी लिही. तिने लिहिलं: सी मायनर, सी मायनर, सी मायनर, सी शार्प मायनर. लिहिता लिहिता तिचाच हात थांबला.

पाथेटिकची मधली संथ गत सोडली, तर बत्तीस मिनिटं सगळीकडे तोच अंधार, तेच जाड स्वरगुच्छ, तोच खर्जातला डावा हात. कागदावर दीडशेहून अधिक वर्षांचा प्रवास होता, पण कानाला एकच खोली होती. समतोल कार्यक्रम म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न त्या वहीच्या पानाने जितक्या स्पष्टपणे माझ्यासमोर ठेवला तितका कुठल्याही अभ्यासक्रमाने ठेवला नव्हता.

परीक्षा मंडळांचं म्हणणं तसं सुटसुटीत आहे. आपल्याकडे विद्यार्थी प्रामुख्याने दोन ब्रिटिश मंडळांच्या परीक्षांना बसतात. ट्रिनिटी कॉलेज १८७२ मध्ये स्थापन झालं आणि ज्याला आपण ‘असोसिएटेड बोर्ड’ म्हणतो ते एबीआरएसएम १८८९ मध्ये. ट्रिनिटीच्या वादनाच्या डिप्लोमाला तीन पायऱ्या आहेत. एटीसीएलसाठी ३२ ते ३८ मिनिटं, एलटीसीएलसाठी ३७ ते ४३ आणि एफटीसीएलसाठी ४२ ते ४८. एबीआरएसएमची एआरएसएम ही पायरी आठव्या ग्रेडनंतर लगेच येते. तिचा कार्यक्रम ३० मिनिटांचा असतो, त्यातली किमान २० मिनिटं मंडळाच्या यादीतली आणि उरलेली स्वतःच्या पसंतीची. दोन्हीकडे शैली, भाव आणि लय यांत वैविध्य असलेला समतोल कार्यक्रम अपेक्षित असतो. ही अपेक्षा एका वाक्याची आहे. ती पुरी करायला वर्षभराचं काम लागतं, आणि त्या कामातली निम्मी चूक पहिल्या आठवड्यातच, यादी समोर धरून खुणा करताना होते.

कारण यादी पाहिली की विद्यार्थी रकाने भरायला लागतो. बरोक, अभिजात, रोमँटिक, विसावं शतक, प्रत्येकातलं एक उचललं की झालं. ही पद्धत वाईट नाही. बाख वाजवताना लागणारी बोटांची स्वतंत्र शिस्त, मोत्सार्ट वा हायडनमधला स्वच्छ वाक्यांश, शोपँमधला गाता सूर आणि देब्युसीतलं पेडल ही चार वेगळी कौशल्यं आहेत. चार कालखंड घेतले की ती बहुतेक आपोआप येतात. पण ‘बहुतेक’च. कालखंड हे कॅलेंडर आहे आणि परीक्षक कॅलेंडर ऐकत नाही. त्याला ऐकू येते ती पट्टी, लय, स्वरांची दाटी, पेडलचा ओलावा आणि दोन रचनांमध्ये बदलणारी हवा. माझ्या विद्यार्थिनीचे चार रकाने, निदान तिच्या मते, भरलेले होते आणि तरी तो कार्यक्रम एकसुरी होता. उलट फक्त बेथोवन आणि ब्राम्स घेऊन, म्हणजे शंभर वर्षांच्या आतच राहूनही, भरपूर उजेड-सावली असलेला कार्यक्रम बांधता येतो.

आपल्याकडच्या मैफलीत हे शहाणपण किती मुरलेलं आहे, हे पियानोच्या शिक्षकांनी पाहायला हवं. गायक विलंबित ख्याल मांडतो, मग द्रुत, नंतर एखादा वेगळ्या अंगाचा राग, मग नाट्यपद किंवा ठुमरी, आणि शेवटी भैरवी. पूरियानंतर लगेच मारवा कोणी गात नाही. दोन्हींचे स्वर तेच, चलन वेगळं, त्यामुळे कानाला पहिल्याची सावली सोडवत नाही. हे नियम कुठल्या मंडळाने छापलेले नाहीत, ते ऐकून ऐकून ठरलेले आहेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या वरच्या परीक्षांतही मंचप्रदर्शन असतं, आणि तिथे मुलांना ‘आधी काय, मग काय’ हे फारसं शिकवावं लागत नाही, कारण लहानपणापासून देवळात, उत्सवात, रेडिओवर तो क्रम कानावर पडलेला असतो. पियानोच्या विद्यार्थ्याजवळ हा ऐकीव साठा नसतो. आमच्या पाली गावात राहणाऱ्या मुलीने पियानोची पूर्ण मैफल समोर बसून ऐकलेली असण्याची शक्यता फारच कमी. म्हणून तिला तो क्रम आपल्या मैफलीतूनच समजावून द्यावा, असं माझं ठाम मत झालं आहे.

पण पालीच्या मुलीजवळ आणखी एक गोष्ट असते, आणि कार्यक्रम निवडताना ती फार मोलाची ठरते. ती पेटीवरून आलेली असते. माघी उत्सवाच्या भजनांत पेटीची साथ करत मोठी झालेली बोटं मी ओळखते. उजवा हात चपळ, मींड नाही म्हणून कणस्वरांनी ती भरून काढायची सवय, सूर लांबवायची हौस. डावा हात मात्र आयुष्यभर भाता ओढत आलेला. त्याच्या वाट्याला सूर कधी आलाच नाही. मनगटाचं वजन पट्टीत सोडायची सवयही नाही, कारण पेटीत जोर भात्यात असतो, बोटात नाही. अशा मुलीला शोपँची नॉक्टर्न आवडणार हे ठरलेलंच: उजव्या हातात गाणं, डाव्यात साथ. तिच्या निवडीत गाणारी संथ रचना दोनदा येते आणि दोन्ही हातांना सारखं काम असलेली एकदाही येत नाही.

इथे शिक्षकाने दोन टोकं टाळावीत. एक म्हणजे कमजोरी झाकणारा कार्यक्रम. डाव्या हाताला कुठेच पुढे येऊ न देणारी छत्तीस मिनिटं परीक्षकाला पाचव्या मिनिटाला कळतात. दुसरं म्हणजे कमजोरी ‘सुधारण्यासाठी’ निवडलेला कार्यक्रम. डिप्लोमा हा सुधारायचा वर्ग नव्हे, तिथे जे साधलं आहे ते दाखवायचं असतं. चार आवाजांचा अवघड फ्यूग सुधारणेसाठी घरी वर्षभर वाजवावा, परीक्षेच्या दिवशी तो सर्वांत आधी कोसळतो. माझा हिशोब असा: कार्यक्रमाचा साधारण दोन तृतीयांश भाग ज्यात ती वाईट दिवशीही उभी राहील असा हवा, आणि उरलेल्या भागात तिला थोडं ताणणारं काही हवं. ते ताणणारं मात्र सुरुवातीला किंवा अगदी शेवटी ठेवू नये.

बरोकचा रकाना भरायला सगळे बाखकडे जातात. ते योग्यच आहे, पण तेवढंच एक दार नाही. दोमेनिको स्कारलात्तीचे ५५५ सोनाटे आहेत, बहुतेक एकाच गतीचे, तीन ते सहा मिनिटांचे. दोन हात एकमेकांना ओलांडतात, एकच स्वर भराभर पुन्हा वाजतो, खालच्या-वरच्या सप्तकांत संवाद चालतो. पेटीवरून आलेल्या हाताला हे खेळ लवकर जवळचे वाटतात, आणि डावा हात नकळत बरोबरीला येतो.

स्कारलात्तीबद्दल बोलताना मला दर वेळी आमच्या बल्लाळेश्वराच्या देवळातली घंटा आठवते. ही घंटा युरोपात ओतलेली. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांकडून आलेल्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या, त्यांतली ही एक, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्या वेळी पोर्तुगालच्या गादीवर झुआंव पाचवा होता. स्कारलात्ती त्याआधी लिस्बनमध्ये त्याच्या दरबारी होता, त्याच्या मुलीला शिकवत होता, आणि ती लग्न होऊन स्पेनला गेली तेव्हा तिच्यामागे गेला. १७३८ च्या सुमारास लंडनमध्ये छापलेला तीस सोनाट्यांचा संग्रह त्याने याच राजाला अर्पण केला. त्याच राजाच्या धाकट्या भावाला, दोम आंतोनियोला, लोदोविको जुस्तीनीने १७३२ मध्ये बारा सोनाटे अर्पण केले होते. खास पियानोसाठी म्हणून छापलेलं ते पहिलं संगीत. फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीने १७०० च्या आसपास घडवलेलं वाद्य तेव्हा नुकतं कुठे बाळसं धरत होतं. वसईचा किल्ला पडत होता, तेव्हा पोर्तुगालच्या राजाच्या घरात पियानो नांदू लागला होता. मुलांना हे सांगितलं की ‘परकं वाद्य’ हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा येत नाही.

घंटेचं निघालंच आहे तर एका सूत्राभोवती बांधलेल्या कार्यक्रमाबद्दल बोलू. हल्ली ही पद्धत आवडीने स्वीकारली जाते आणि कार्यक्रमासोबतच्या टिपणात ती छान दिसते. घंटा हे सूत्र घेतलं तर रचनांची कमी नाही. देब्युसीच्या पहिल्या प्रील्यूड-संग्रहातलं (१९१०) बुडालेलं कॅथीड्रल, राव्हेलच्या ‘मिरवार’मधली घंटांची दरी, राखमानिनॉफचं १८९२ मधलं सी शार्प मायनर प्रील्यूड (मॉस्कोच्या घंटा अशीच त्याची ओळख पडली आहे), आणि हातात बळ असेल तर लिस्टची ‘ला कांपानेला’. मी स्वतः हा कार्यक्रम एकदा मांडून पाहिला. पहिल्या तीन रचना सलग वाजवल्यावर जाणवलं, की सूत्राने मला फसवलं. तिन्ही संथ, तिन्ही पेडलमध्ये बुडालेल्या, तिन्ही खर्जाच्या आधारावर उभ्या. विषय एक म्हणून पोतही एक झाला. सूत्र घ्यावं, पण त्याच्या आत विरोध शोधावा: घंटेच्या शेजारी कोरडं, बोटांचं, पेडल नसलेलं काहीतरी हवं. ते मिळत नसेल तर सूत्र सोडून द्यावं. टिपणातला सुंदर परिच्छेद वाचवण्यासाठी वादनाचा बळी देऊ नये.

एकाच मोठ्या कृतीवर कार्यक्रम उभारण्याचा मोहही असतो. मुसोर्ग्स्कीची ‘चित्रप्रदर्शनातली चित्रं’ (१८७४) एकटीच तेहतीस-पस्तीस मिनिटं घेते. लिस्टचा बी मायनर सोनाटा अर्धा तास. मुसोर्ग्स्कीत वैविध्य आतच आहे. पण एकदा तोल गेला की सावरायला दुसरी रचना नाही, आणि वादकाचा दुसरा चेहरा दिसायची संधीही नाही. पहिल्या पायरीवर मी हे कोणालाच सुचवणार नाही. वरच्या पायरीवर, ज्याने ती कृती तीन-चार वर्षं अंगाखांद्यावर खेळवली आहे, त्याने जरूर करावं.

विसाव्या शतकाच्या बाबतीत आपले विद्यार्थी उगाच घाबरतात. बार्टोकचे सहा रुमानियन लोकनृत्यप्रकार (१९१५) पाच मिनिटांत संपतात आणि ज्याने कोळीगीतांचा ठेका ऐकला आहे त्याला ते लगेच उमगतात. हिनास्तेराची तीन आर्जेन्टिनी नृत्यं (१९३७) आठ मिनिटांची, शेवट दणदणीत. देब्युसीच्या ‘एस्तांप’मधला (१९०३) ‘पागोद’ हा तुकडा जावा बेटावरच्या गामेलानच्या ओढीतून आला. ते वादन त्याने १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात ऐकलं होतं. मेसियाँने तर आपल्या अनेक लयी शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तल्या १२० देशी तालांतून घेतल्या, आणि तो ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला. देवगिरीहून पॅरिसला गेलेली लय मराठी मुलीने पियानोवर वाजवावी, यापेक्षा समर्पक पसंती ती काय? फक्त मेसियाँ वाजवायला कठीण आहे, हे विसरू नये. मुंबईच्या वनराज भाटियांनीही, चित्रपटसंगीतापलीकडे, पियानोसाठी लिहिलं आहे. लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकून आलेला हा माणूस २०२१ मध्ये गेला. स्वतःच्या पसंतीची जागा मोकळी असेल तिथे त्यांच्याकडे पाहायला हवं. यादीबाहेरची निवड काही परीक्षांत आधी मंजूर करून घ्यावी लागते, म्हणून हे काम चार-सहा महिने आधी उरकावं.

आता वेळ. तक्ते पाहून बेरीज करणं हा सर्वांत फसवा प्रकार. ध्वनिमुद्रिकेवर अठरा मिनिटांत होणारा सोनाटा आपल्या हातात एकोणीस-वीस घेतो. रचनांमधली उसंत, खुर्ची सारणं, हात पुसणं हे मिळून दोन मिनिटं सहज जातात. आणि पुनरावृत्ती! स्कारलात्तीच्या बहुतेक सोनाट्यांचे दोन्ही भाग दोनदा वाजवायचे असतात; दुसऱ्या भागाची पुनरावृत्ती गाळली की मिनिटभर सुटतं. काय गाळायचं ते आधी ठरवून पानावर पेन्सिलीने लिहून ठेवावं. ऐन वेळी ठरवणारा विद्यार्थी दोन घरं एकदम धरतो आणि तिसऱ्यातच जाऊन पडतो. मी मुलांना कार्यक्रम मर्यादेच्या मधोमध बसवायला सांगते. ३२ ते ३८ असेल तर ३५-३६. घाईत दोन मिनिटं कमी झाली तरी चालतं, आणि सभागृह मोठं निघून लय सैल झाली तरीही.

सभागृह आणि वाद्य हा भाग शहरातल्या मुलांना तितका जाणवत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. लाकडी पियानोची फळी ओल धरते, फुगते, सूर चढतात, दोन-चार पट्ट्या दाबल्यावर खालीच राहतात. म्हणून बहुतेक मुलं डिजिटल पियानोवर तयारी करतात. जून ते सप्टेंबर छपराच्या पत्र्यावर सर कोसळत असताना हेडफोन लावून वाजवतात, आणि वीज गेली की तो दिवस संपला. अशा मुलाने परीक्षेच्या हॉलमधल्या ग्रँड पियानोवर पहिल्यांदा बोट ठेवलं की पट्टी जड लागते, पेडलखालचा गुंजारव अंगावर येतो. त्यात पालीहून पहाटेच्या एसटीने मुंबई गाठलेली, हात गार. म्हणून पहिली रचना निवडताना मी एकच कसोटी लावते: अनोळखी वाद्याची ओळख करून घ्यायला ती वेळ देते का? लखलखत्या द्रुत रचनेने सुरुवात करण्याची हौस मुंबईच्या मुलांना परवडते. आमच्या मुलांना मध्यम-संथ, पारदर्शक, मधल्या सप्तकातली सुरुवात हवी. आता काही डिप्लोमा चित्रफीत पाठवूनही देता येतात. प्रवास वाचतो, पण पूर्ण कार्यक्रम सलग एका दमात द्यावा लागतो, त्यामुळे क्रमाचं महत्त्व उलट वाढतं. तिसाव्या मिनिटाला थकलेल्या हाताला सर्वांत जड तुकडा देऊ नये हे तिथेही लागू.

टिपणाबद्दल थोडंच. मुलं ज्ञानकोशातून जन्म-मृत्यूची सालं उतरवतात. त्याऐवजी ही रचना या जागी का आहे, हे त्यांनी दोन वाक्यांत लिहिलं तर ते टिपण वाचण्यासारखं होतं. मी आधी मराठीत लिहायला लावते आणि मग इंग्रजीत. मराठीत लिहिताना पोकळ शब्द लगेच उघडे पडतात.

पुन्हा वहीच्या पानाकडे येते. आम्ही तिचा ‘पाथेटिक’ ठेवला, कारण तो तिचा होता. १७९९ मध्ये छापलेल्या त्या सोनाट्याची सुरुवातीची जड, संथ वाक्यं ती अशी वाजवते की खोलीतलं बोलणं थांबतं. एकदा तो ठरल्यावर बाकीचा कार्यक्रम त्याच्याशी बोलणारा हवा होता. सी मायनर एकदाच येणार, म्हणून बाख आणि शोपँ दोन्ही गेले. शोपँ सोडताना तिचे डोळे भरले. राखमानिनॉफही गेला. तो घरी वाजवायला राहिला आहेच. सुरुवातीला स्कारलात्तीची जोडी आली: के. ८७, बी मायनर, संथ, चार आवाज एकमेकांत विणलेले, डाव्या हाताला प्रथमच बोलायला लावणारी; आणि तिला लागून के. ९६, डी मेजर, शिंगांच्या आरोळ्या, ओलांडणारे हात, एकाच पट्टीवर नाचणारी बोटं. या दोन पट्ट्या एकमेकींच्या सख्ख्या, त्यामुळे मेघ हटून ऊन पडावं तसं पहिल्यातून दुसरीत जाता येतं. मग पाथेटिक. त्यानंतर ब्राम्सचं ओपस ११८ मधलं दुसरं इंटरमेझो, ए मेजर, १८९३ चं, क्लारा शूमानला अर्पण केलेलं. गाणाऱ्या उजव्या हाताची तिची हौस इथे भागते, पण आतले आवाज सांभाळल्याशिवाय नाही. शेवटी देब्युसीच्या ‘एस्तांप’मधल्या ‘पावसातल्या बागा’. फ्रेंच बाळगोपाळांच्या दोन गाण्यांचे धागे घेऊन चार मिनिटं अखंड कोसळणारी सर, आणि अगदी टोकाला ई मेजरमध्ये पडलेलं लख्ख ऊन.

पहिल्यांदा घड्याळ लावून सगळं वाजवलं तेव्हा एकोणचाळीस मिनिटं झाली. स्कारलात्तीच्या दुसऱ्या भागांच्या पुनरावृत्त्या काढल्या, सोनाट्याच्या पहिल्या गतीतलीही काढली. छत्तीस.

गौरी-गणपतीच्या आदल्या रविवारी तिने तो कार्यक्रम माझ्या ओटीवर वाजवून दाखवला. सतरंजीवर तिची आजी, शेजारची चार मुलं, आणि गावातले एक जुने पेटीवादक. त्यातल्या कोणालाही बरोक-रोमँटिक माहीत नव्हतं. ब्राम्सच्या मध्यावर आजीने डोळे मिटले होते. ‘पावसातल्या बागा’ सुरू झाल्या तेव्हा बाहेर खरोखर पाऊस होता, आणि धाकटा मुलगा उठून दारापर्यंत जाऊन पाहून आला. वाजवून झाल्यावर पेटीवादक काकांनी तिला विचारलं, “बाळ, ते दुसरं जे वाजवलंस, हात हातावरून जात होता ते, पुन्हा एकदा दाखवशील का?” तिने के. ९६ पुन्हा वाजवला. या वेळी तिचा डावा हात आधीपेक्षा मोकळा होता. काका तिच्या डाव्या बाजूला खुर्ची सरकवून बसले आणि शेवटपर्यंत तिच्या त्याच हाताकडे पाहत राहिले.